चूल सोडता येत नाही

स्वान क्रीक, अलास्का
९ नोव्हेंबर १९८१

प्रिय हेस्टर मावशी,

लायल काल विमान घेऊन आला, पण नदीवरचा बर्फ अजून पुरता धरलेला नाही म्हणून उतरला नाही. पोती वरूनच टाकून गेला. त्यामुळे तुला लिहिलेलं पत्र माझ्या हातातच राहिलं. आज ते पुन्हा वाचलं, तर त्यात ‘सगळं ठीक आहे’ असं लिहिलेलं होतं. कालपासून ते खरं राहिलेलं नाही. म्हणून ते चुलीत घातलं आणि हे नवीन लिहिते आहे.

तळघरातला पारा उतरतो आहे. तू मोडलेला पाय दाखवायला गेलीस तेव्हा तो चांगला वर होता. आता गोठणबिंदूच्या जेमतेम वर आहे. मी दिव्याच्या उजेडात एकदा आणि दिवसा एकदा पाहिला, म्हणजे माझ्या डोळ्यांची चूक नाही. भिंतीकडच्या रांगेतली लाल बेरीची एक बरणी तडकली. बाकीच्या मधल्या फळीवर आणल्या. कोबी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळले. गाजरं वाळूत आहेत, त्यांना हात लावला नाही. बटाट्यांचे खण पोत्यांनी झाकले. बियाणाचे बटाटे सगळ्यात आत आहेत.

मांसाची काळजी नाही, ते बाहेर माचावर दगड होऊन पडलं आहे. इथे एखादी गोष्ट गोठवायची तर ती नुसती दाराबाहेर ठेवायची. न गोठू देण्यातच सगळा जीव जातो.

फटींचं काम मात्र मी मन लावून केलं आहे. तू शिकवलंस तसं, वारा लागेल तिथे शेवाळ. खिडक्यांखाली, दाराच्या चौकटीत, जमिनीत, एकही जागा सोडली नाही. आता टेबलाशी बसलं की पायांना वारा लागत नाही.

तू इथे असताना पारा असा कधी उतरला नव्हता. मग मी काय वेगळं करते आहे? काही चुकत असेल तर स्पष्ट लिही. मला वाईट वाटेल म्हणून गुळमुळीत लिहू नकोस. पाय कसा आहे? नाताळला नक्की येणार ना?

तुझी
मार्लिस

•

फेअरबँक्स
२२ नोव्हेंबर

मार्ली,

तुझं पत्र डोरीनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पोरगी लिहिते छान, पण ऐकताना धाप लागते.”

डोरीनच्या स्वयंपाकघरात एक पांढरं कपाट आहे, ते दिवसरात्र गुरगुरतं. बाहेर शून्याखाली तीस. त्यातून घर गरम करायला पैसे मोजायचे, आणि त्या गरम केलेल्या घरात पुन्हा विजेवर एक थंड कपाट चालवायचं! मी तिला म्हटलं, “अगं, लोणी पायरीवर ठेव की.” ती म्हणाली, “हेस्टर, तू माझ्याकडे पाहुणी आहेस.” मी गप्प बसले. मला ते किती जड जातं हे तुला ठाऊक आहे.

आता तुझ्या पाऱ्याचं. तू काही वेगळं करत नाहीस, यंदाची थंडीच लवकर आली आहे. फटी बुजवल्यास हे उत्तम केलंस. भिंतींना बाहेरून खिडकीपर्यंत बर्फ रचलास ना? नसेल तर आजच रच. तळघरात पाण्याचं पिंप ठेव. पाणी बटाट्यांच्या आधी गोठतं, आणि गोठता गोठता आपली ऊब सोडतं. पुरतं गोठलं की बाहेर ओढायचं आणि नवं भरायचं. जड काम आहे, पण तुझी पाठ बावीस वर्षांची आहे, माझी नाही. तेवढ्याने भागलं नाही तर कंदील उतरव, वात बारीक ठेवून.

आणि चूल सोडू नकोस. शेजारी ऑर्विलकडे जेवायला गेलीस तर उजेडी परत ये. एकदा चूल विझली आणि घर गार पडलं की खालचं सगळं गेलं. वर्षाचं खाणं आणि पुढच्या वर्षाचं बियाणं, दोन्ही.

पायाचं चाललं आहे. डॉक्टर तरुण आहे आणि त्याचे हात गार असतात. नाताळला येणं जमेलसं दिसत नाही. तो सुट्टीवर जाणार आहे, आल्यावर बघेल. त्यात काळजीचं काही नाही.

मावशी

•

स्वान क्रीक
१५ डिसेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र आज हाती आलं. दोन वेळा लायलला हवेने परत फिरवलं, म्हणून इतका उशीर. त्यात तू जे जे करायला सांगितलंस ते सगळं मी आधीच करून बसले आहे. मावशी, तुझा सल्ला येतो तेव्हा मी त्याच्या पुढच्या संकटात असते. चिडून लिहायचं नाही असं ठरवलं होतं. चिडूनच लिहिते आहे.

बर्फ रचला. पिंप ठेवलं. ते गोठतं, मी ओढते, बर्फ फोडते, नदीच्या भोकातून पाणी आणते, भरते, ते पुन्हा गोठतं. पारा जिथे होता तिथून तसूभर वर येत नाही. अंडी मी वर माझ्या पलंगाखाली आणली आहेत. बटाटे आणायला जागा नाही, आणि वर जमिनीलगत तळघराइतकंच गार, चुलीपाशी इतकं गरम की त्यांना कोंब फुटतील.

ऑर्विलकाका कुत्र्यांची गाडी घेऊन आले होते. मी अर्ध्या शिडीवर होते. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, “खाली बटाटे ठेवलेत की बाळंतीण?”

मी म्हटलं, “हसू नका. मला रडू येतंय.”

“मग रड. अश्रू ऊन असतात, पारा चढेल.”

मग कॉफी पिताना जरा माणसासारखं बोलले. “माझ्याकडे बघ. पीठ, शेंगा, मांस. गोठलं तर गोठलं. महिनाभर सापळ्यांच्या वाटेवर राहिलो तरी घरी काही बिघडत नाही. तुझी मावशी तीस वर्षं बटाट्यांच्या कैदेत राहिली आणि जाताना किल्ली तुझ्या हातात देऊन गेली.”

मी त्यांना विचारलं की नाताळात दोन दिवस इथे राहून चूल बघाल का, म्हणजे मी लायलबरोबर येऊन तुला भेटून जाईन. ते म्हणाले, “आणि माझ्या सापळ्यांतली जनावरं लांडगे खाऊन गेले तर तू भरून देणार?” त्यांचंही बरोबर आहे. पण ते म्हणताना त्यांनी तिसरा पाव उचलला, त्याचा मला राग आला.

कंदिलाचं वेगळंच. खाली ठेवून झाकण लावलं की थोड्या वेळाने ज्योत बसते आणि विझते. वात कापली. काच पुसली. तेल फडक्यातून गाळून घेतलं. तोच कंदील वर चुलीशेजारी मजेत जळतो. खाली नेला की पुन्हा विझतो. शिडी चढून उतरून माझे पाय भरून आले. रडले नाही. म्हणजे एकदाच रडले.

मी काय करत नाहीये, मावशी? काहीतरी असं आहे जे तू करतेस आणि मी करत नाही. ते काय आहे?

मार्लिस

•

फेअरबँक्स
२ जानेवारी १९८२

मार्ली,

कंदील विझतो हे तू तिसऱ्या पानावर लिहिलंस. ते पहिल्या ओळीत लिहायचं होतं!

हवा संपली की ज्योत विझते. हे मीच तुला त्या टेबलाशी बसवून शिकवलं. पेल्याखाली मेणबत्ती ठेवली होती, आणि ती विझल्यावर तू ‘तिला बाहेर काढा’ म्हणून भोकाड पसरलं होतंस. आता सांग, तळघराच्या झाकणाभोवतीही शेवाळ कोंबलंस, हो ना? ‘जमिनीत’ असं लिहिलं होतंस. मी वाचलं ते भिंतीच्या तळाशी. शाबासकीसुद्धा दिली. माझंच डोकं फोडून घ्यावंसं वाटतंय. वर कातडीही पसरली असशील.

अगं, तळघर आपल्या उबेवर राहत नाही. खालची जमीन बारा महिने गोठलेली. त्याला ऊब मिळते ती वरच्या घरातून. थंडी कडक झाली की मी झाकणाखाली सरपणाची एक चिरफळी सारते आणि बोटभर फट ठेवते. पायांना गार लागतं, लागू दे. तू लहानपणी सकाळी उठलीस की झाकण वाकडं बसलंय म्हणून नीट दाबून बसवायचीस. तुझ्या मागे मी ते पुन्हा उचकटायचे. ‘हे असं का’ ते तुला कधी सांगितलं नाही. तुझी आई गेल्यावर तू माझ्याकडे आलीस तेव्हापासून मी तुला भूगोल शिकवला, अपूर्णांक शिकवले, जगातल्या नद्या तोंडपाठ करून घेतल्या, आणि हे सांगायचं राहिलं! हाताला इतकं सवयीचं होतं की हे सांगण्यासारखं काही आहे हेच डोक्यात आलं नाही.

या पत्राचा उपयोग नाही हे मला माहीत आहे. बाहेर शून्याखाली पन्नास आहे आणि एकही विमान उडत नाही. म्हणून डोरीनला रेडिओ केंद्रावर पाठवते आहे, रानातल्या लोकांसाठी संध्याकाळी निरोप वाचतात त्यात हा घालायला. सगळी नदी ऐकेल. ऐकू दे.

बटाटे कसे आहेत ते मला लगेच कळव.

मावशी

•

स्वान क्रीक
२४ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझा निरोप रेडिओवर ऐकला. एका बाईला झालेली मुलगी आणि एका माणसाचा हरवलेला कुत्रा, यांच्या मधोमध. “स्वान क्रीकवरच्या मार्लिसला हेस्टरकडून. तळघराचं झाकण बोटभर उघड. शेवाळ काढ. चूल सोडू नकोस.” निवेदकाने तो दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा त्याला हसू आवरलं नाही.

दोन दिवसांनी ऑर्विलकाका आले ते दारातूनच ओरडत. “बोट कुणाचं धरलंस? तुझं की हेस्टरचं? हेस्टरचं जाड आहे हं, हिशेब चुकेल!” नदीच्या खालच्या अंगाच्या लोकांनीही त्यांना हेच विचारलं म्हणे. वसंतात मी गावात उतरेन तेव्हा माझं नाव बोटभर मार्लिसच पडलेलं असणार.

निरोप ऐकला त्याच क्षणी मी कातडी उचलली, शेवाळ ओढून काढलं आणि चिरफळी सारली. ऊब खाली जाताना हाताला कळते. कंदील आता विझत नाही. पाराही गोठणबिंदूच्या वर आला आहे आणि तिथेच टिकून आहे. तळघरात सगळं जिथल्या तिथे आहे. चूल एकदाही विझलेली नाही. मी वेळेवर जेवते. दोन्ही वेळा बटाटेच असतात.

यातलं प्रत्येक वाक्य मी तपासून लिहिलं आहे.

तू पायाबद्दल काहीच लिहीत नाहीस. डॉक्टर सुट्टीवरून आला असेल. तो काय म्हणाला? तू कधी येणार आहेस, ते नुसतं ‘बघू’ असं न लिहिता लिही.

तुझी
मार्लिस

•

फेअरबँक्स
५ फेब्रुवारी

मार्लिस,

मी विचारलं बटाटे कसे आहेत. तू लिहिलंस ते कुठे आहेत.

माझ्याशी असं करू नकोस. तुला लिहायला मी शिकवलं आहे. तू खोटं बोलत नाहीस, बोलताच येत नाही तुला, म्हणून खऱ्याच्या भिंतीला धरून धरून चालतेस. वाक्यं तपासून का लिहावी लागली? आणि दोन्ही वेळा बटाटे? तुला बटाटा आवडत नाही. लहानपणी खिशात लपवून कुत्र्यांना घालायचीस. दोन्ही वेळा कोण खातं, तर ज्याचे बटाटे गोठले आहेत आणि सैल पडून काळे व्हायच्या आत उकळत्या पाण्यात टाकून संपवायचे आहेत, तो. ऑर्विलनेच सांगितलं असेल, ‘म्हातारीला आत्ता कळवू नकोस’ म्हणून. हा कावा त्याचाच वाटतो. गोठले ना सगळे? बियाणासकट?

आता माझं ऐक. मला इतका संताप आला आहे की डोरीन दुसऱ्या खोलीत जाऊन बसली आहे.

हाड जुळलं नाही. डॉक्टरला ते नोव्हेंबरातच दिसलं होतं. पुन्हा कापावं लागेल म्हणाला. डिसेंबरात करू, पण नंतर सहा आठवडे उचलायला-बसवायला घरचं कुणीतरी पाहिजे. डोरीनची स्वतःची कंबर धरलेली असते, ती मला उचलू शकत नाही. त्याने विचारलं, “कुणी आहे का?” मी म्हटलं, “भाची आहे, पण ती मे महिन्यापर्यंत चूल सोडू शकत नाही.” तो म्हणाला, “का?” मी म्हटलं, “तळघरात बटाटे आहेत.” तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. शहरात वाढलेल्या माणसाला हे कसं समजवायचं? मी सांगायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. तारीख पुढे ढकलायला लावली. तो म्हणाला जितका उशीर कराल तितका पाय आखूड होईल. मी म्हटलं, होऊ दे.

म्हणजे मी इथे गोळ्या गिळत त्या गुरगुरणाऱ्या कपाटाशेजारी पडून आहे, ते तुला चूल सोडावी लागू नये म्हणून. आणि तू तिथे वाक्यं तपासून लिहिते आहेस, ते मला बटाट्यांचं कळू नये म्हणून. दोघींनी मिळून काय राखलं, तर काळा चिखल!

बियाणाचं दुःख करत बसू नकोस, बियाणं कुणाकडेही मिळतं. मला तुझा राग आला आहे तो बटाट्यांसाठी नाही. तू महिनाभर ते एकटीने गिळत बसलीस म्हणून आहे. आणि हो, मीही तेच केलं, हे मला दिसतं आहे. डोरीनने दाखवून दिलं, लगेच आणि मोठ्याने.

तू ये असं मी म्हणत नाही. बरण्या अजून असतील, गाजरं असतील. मे महिन्यात बघू.

मावशी

•

स्वान क्रीक
१६ फेब्रुवारी

मावशी,

लायल समोर बसून कॉफी पितो आहे. विमानाच्या नाकावर त्याने गोधडी घातली आहे आणि इंजिन गार पडायच्या आत निघायचं म्हणून मला घाई करतो आहे. म्हणून हे तपासत नाही. जसं येईल तसं लिहिते.

हो, सगळे गोठले. तुझा निरोप यायच्या आदल्या दिवशी. बियाणाचेही. सकाळी एक हातात घेतला तर तो फळीवर गोट्यासारखा वाजला. मी तुला लगेच लिहिलं होतं, चार पानं. तेव्हा विमान येत नव्हतं, आणि येईपर्यंत ऑर्विलकाका म्हणाले, “तिचा पाय जुळू दे. तिथे पडल्या पडल्या ती काय करणार आहे? उठून चालू लागेल, आणि पडेल.” मला ते पटलं. आता त्यांचा राग येतो, पण पाठवायचं नाही हे मीच ठरवलं.

आणि तू? ‘पायाचं चाललं आहे’! ‘काळजीचं काही नाही’! माझी वाक्यं तुला दिसली. तुझी मला दिसली नाहीत, कारण तू तशी लिहिशील असं माझ्या मनातही आलं नाही. मी तुला नोव्हेंबरात विचारलं, जानेवारीत पुन्हा विचारलं. आधी डॉक्टरचे गार हात आणि डोरीनचं कपाट, मग पायाचं अवाक्षर नाही. तू मला कधीच विचारलं नाहीस की बटाटे हवेत की तुझा पाय. मी एका दमात सांगितलं असतं. तू माझ्या वतीने उत्तर देऊन मोकळी झालीस, आणि वर डॉक्टरला माझंच नाव सांगितलंस.

मे महिन्यात बघायचं नाही. मी येते आहे. लायल म्हणतो, “चल, आत्ताच बस.” मी म्हटलं, “घर असं उघडं टाकून?” तो म्हणाला, “मग पुढच्या खेपेला. पण तेव्हाही अडून बसलीस तर तिसऱ्यांदा विचारणार नाही.” पुढच्या खेपेला बसते. तोपर्यंत सॅमन मासे आणि बेरी बरण्यांतून काढून परातींत ओतते आणि बाहेर ठेवते. दगड झाले की माचावर. रिकाम्या बरण्या कोरड्या करून उलट्या ठेवीन, म्हणजे तडकणार नाहीत. गाजरं ऑर्विलकाकांच्या कुत्र्यांना. अंडी ते स्वतः खातील, विचारायच्या आधीच हो म्हणतील. पिंप रिकामं करून पालथं घालीन. गोठू दे म्हटल्यावर सगळं किती सोपं आहे, मावशी. दोन दिवसांचंही काम नाही. या एवढ्यासाठी मी तीन महिने शिडी चढत-उतरत होते.

शेवटच्या सकाळी चुलीत लाकूड घालणार नाही. ते हातून होईल का, माहीत नाही. पण करीन.

डॉक्टरला आज सांग की घरचं माणूस येतं आहे आणि जवळातली जवळ तारीख दे. ‘बघू’ म्हणू नकोस. तुला उचलायचं कसं ते त्याने मला एकदा दाखवावं, मग मी दहादा करून बघीन, तुला ठाऊक आहेच.

रागावून उत्तर लिहिशील हे मला माहीत आहे. ते ज्या विमानाने येईल त्याच विमानात मी बसणार आहे. पाकीट फोडणार नाही. तसंच परत आणून तुझ्या हातात देईन. काय लिहिलं असशील ते माझ्याकडे बघून वाचून दाखव.

मार्लिस